आवाज बंद करून पाहिलेला फेलिक्स : ८ महिन्यांचा अनुभव

फेलिक्स मांजराच्या जुन्या मूक कार्टूनपटांच्या डिस्कचा संच मी भाच्यासाठी घेतला होता. ८ महिन्यांत तो सगळ्यात जास्त पाहिला आमच्या आबांनी. त्यांना आता जवळजवळ ऐकू येत नाही. टीव्हीवर मालिका लागली की ते उठून आत जातात. फेलिक्स लागला की खुर्ची पुढे ओढतात.

फेलिक्सचं अंग काळंकुट्ट, डोळे पांढरे आणि टपोरे. त्यामुळे प्रिंट कितीही ओरखड्यांची असली तरी तो नजरेतून सुटत नाही. हात पाठीमागे बांधून, मान खाली घालून तो येरझाऱ्या घालू लागला की आबा म्हणतात, "थांब, याला आता काहीतरी सुचणार." आणि सुचतंच! डोक्यावर उमटलेलं प्रश्नचिन्हसुद्धा तो आकड्यासारखं वापरतो. 'फेलिक्स इन हॉलिवूड' (१९२३) मध्ये शेपटीची काठी करून तो चॅप्लिनची नक्कल करतो, तर खुद्द चॅप्लिन येऊन त्याला चोरीबद्दल हटकतो. हा तुकडा आम्ही किती वेळा पाहिला असेल! ती चाल इतकी हुबेहूब का, तर फेलिक्स काढणाऱ्या स्टुडिओनंच आधी चॅप्लिनवर कार्टूनपट काढले होते आणि तिथले चित्रकार ऑटो मेस्मर यांनी त्याची एकेक लकब टिपली होती. पडद्यावर नाव मात्र स्टुडिओचे मालक पॅट सलिव्हन यांचं. फेलिक्समध्ये जीव ओतला तो मेस्मर यांनीच, असं बहुतेक अभ्यासक मानतात. दर वेळी ती पाटी आली की मला वाईट वाटतं.

आता उणिवा. संगीत नंतर चिकटवलेलं आहे आणि बऱ्याचदा प्रसंगाशी जुळत नाही. आवाज बंद केला आणि खरी मजा आली. काही फिती नको इतक्या पळतात, तिथे प्लेअरचा वेग थोडा कमी करावा. १९१९चा 'फेलाइन फॉलीज' लहान मुलांना एकट्यानं दाखवू नका. त्यात फेलिक्सचं नाव अजून 'मास्टर टॉम' आहे आणि शेवटी गॅसच्या नळीनं जीव देतो. माझा भाचा घाबरला होता.

बोलण्याचे फुगे इंग्रजीत आहेत. आबांना इंग्रजी येत नाही, भाच्याला अजून वाचता येत नाही, पण दोघांचं काहीच अडत नाही.

दुसरी डिस्क हल्ली एका जागी अडकते. तेवढा भाग आबा खुर्चीतून उठून, हात पाठीमागे बांधून, भाच्याला करून दाखवतात.