सिगारेट सुटल्यावर काय धरायचं? मूत्राशयाच्या बाजूने एक तुलना

लघवीतून रक्त गेलं, दुर्बिणीने तपासलं आणि मूत्राशयात गाठ निघाली, की डॉक्टर पहिल्यांदा बिडी-सिगारेट बंद करायला सांगतात. लगेच प्रश्न येतो, ‘मग सिगारेटऐवजी निकोटिनचं च्युइंगगम कसं चालेल? त्यातही सिगारेटमधलंच निकोटिन ना?’ शंका रास्त आहे.

पण मुख्य आरोपी धूर आहे. रंगाच्या कारखान्यातल्या कामगारांना मूत्राशयाचा कॅन्सर होतो, हे फ्रँकफर्टचे जर्मन सर्जन लुडविग रेन यांनी १८९५ मध्ये नोंदवलं. पुढे त्यामागे जी ॲरोमॅटिक अमाइन्स नावाची रसायनं सापडली, त्यांतलीच काही तंबाखूच्या धुरात असतात. ती रक्तात जातात, मूत्रपिंडातून लघवीत उतरतात आणि लघवी साठून राहते तेवढे तास मूत्राशयाच्या अस्तराला लागून राहतात. सिगारेट ओढणाऱ्यांना हा धोका कधीच न ओढणाऱ्यांच्या तिप्पट-चौपट असतो. बिडी ‘हलकी’ म्हणून तिला सूट देऊ नका. दहाच्या चार केल्या, हाही उपाय नव्हे.

निकोटिन मात्र धुतल्या तांदळासारखं नाही. प्रयोगशाळेत मूत्राशयाच्या कॅन्सरपेशींना ते दिलं, तर त्या जोमाने वाढतात आणि केमोला कमी दाद देतात. पण हे काचेच्या बशीतलं झालं. निकोटिनमुळेच माणसाला हा कॅन्सर होतो, असं सिद्ध झालेलं नाही.

व्हेप, म्हणजे ई-सिगारेट? न्यूयॉर्क विद्यापीठाच्या २०१९ च्या प्रयोगात निकोटिनयुक्त वाफ दिलेल्या ४० पैकी २३ उंदरांच्या मूत्राशयाचं अस्तर वाजवीपेक्षा जाड झालं होतं. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, कबूल. पण गाठ निघालेल्या माणसाने हा जुगार का खेळावा? शिवाय भारतात २०१९ पासून व्हेपच्या विक्रीवर बंदी आहे, म्हणजे चोरून मिळणाऱ्या त्या नळीत काय भरलंय ते देव जाणे.

तंबाखू-चुना किंवा मिश्रीत धूर नाही, पण तोंडाच्या कॅन्सरची वाट तिथूनच जाते. लघवीची पिशवी वाचवायला तोंड पणाला लावण्यात काय हशील?

माझा कौल निकोटिनच्या च्युइंगगमला किंवा कातडीवर चिकटवायच्या पट्टीला. निकोटिन येतं, पण धुराविना, हळूहळू आणि ठरावीक मुदतीपुरतं. साधारण बारा आठवड्यांत कमी करत थांबवायचं. उठल्यावर अर्ध्या तासात सिगारेट लागत असेल तर च्युइंगगम ४ मिलिग्रॅमचं, नाहीतर २ चं. ते बबलगमसारखं चघळत बसू नका. तोंडात चुणचुणलं की गालात दाबून ठेवा, चव गेली की पुन्हा चावा. चहा-कॉफी पंधरा मिनिटं आधीपासून बंद. हृदयविकार असेल किंवा गर्भारपण असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

आणि तेवढंही निकोटिन मनाला खटकत असेल, तर व्हॅरेनिक्लीनच्या गोळीबद्दल डॉक्टरांशी बोला. तिच्यात निकोटिन मुळीच नसतं. ती तलफच कमी करते.