विद्यापीठातली किरणोत्सर्ग सुरक्षा: विभागाचा आरएसओ, मध्यवर्ती कक्ष की बाहेरची संस्था?

किरणोत्सारी सोर्स किंवा क्ष-किरण यंत्रं असलेल्या विद्यापीठात देखरेखीची घडी कशी बसवायची, हा प्रश्न कुलसचिवांच्या टेबलावर सहसा घाईत येतो. कधी तपासणीत शेरा बसलेला असतो, तर कधी किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकारी, म्हणजे आरएसओ, पुढच्या महिन्यात निवृत्त होणार असतो. २००४ च्या किरणोत्सर्ग संरक्षण नियमांनुसार जबाबदारी नियोक्त्यावर आणि परवानाधारकावर असते. हा आरएसओ त्यांनी नेमायचा आणि त्याला अणुऊर्जा नियामक मंडळाची, म्हणजे एईआरबीची, मान्यता घ्यायची. तो कोणत्या विभागात बसावा आणि कोणाला उत्तर द्यावं, हे मात्र विद्यापीठाला ठरवावं लागतं. वापरणारा माणूस गेल्यावर सोर्सवर नजर कोणाची राहणार, या एका प्रश्नाच्या उत्तरावरून ही निवड करावी, असं आमचं ठाम मत आहे.

आधी मोजदाद

‘आमच्याकडे फक्त भौतिकशास्त्र विभागात सोर्स आहेत’ हे वाक्य बहुतेक ठिकाणी अपुरं ठरतं. रसायन किंवा पर्यावरणशास्त्राच्या गॅस क्रोमॅटोग्राफमध्ये इलेक्ट्रॉन कॅप्चर डिटेक्टर असेल, तर त्यात निकेल-६३ असतं, साधारण १० ते १५ मिलिक्युरी. कृषी विद्यापीठात मातीतली ओल मोजणारा न्यूट्रॉन प्रोब असेल, तर त्यात अमेरिशियम-बेरिलियम असतं. अमेरिशियम-२४१ चं अर्धायुष्य, म्हणजे किरणोत्सार निम्मा व्हायला लागणारा काळ, ४३२ वर्षं, त्यामुळे यंत्र मोडीत निघतं तेव्हाही सोर्स जवळपास नवाच असतो. जीवशास्त्रात फॉस्फरस-३२ आणि ट्रिटियम वापरतात. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच्या खोलीत कपाटात युरेनिल अ‍ॅसिटेटची बाटली सापडते. लिक्विड सिंटिलेशन काउंटरच्या पोटातही मोजणी ताडून पाहण्यासाठीचा एक छोटा सोर्स असू शकतो. एक्सआरडी, म्हणजे क्ष-किरण विवर्तन, यंत्रात सोर्स नसतो, पण इंटरलॉक (दार उघडताच किरण बंद करणारी सोय) बायपास करून चालू किरणशलाकेत बोट गेलं तर काही सेकंदांत त्वचा भाजते.

ही यादी करताना विभागांना पत्र पाठवून उत्तराची वाट पाहू नये. डेडस्टॉक रजिस्टर आणि जुन्या खरेदी फायली घेऊन खोलीखोली फिरावं. हे सोर्स किती विभागांत पसरलेत हे कळल्याशिवाय पुढची तुलना निरर्थक आहे.

विभागाचा आरएसओ

विभागातला प्राध्यापक किंवा वैज्ञानिक अधिकारी आरएसओ म्हणून मान्यता घेतो आणि आपल्या विभागापुरतं पाहतो. याचा मोठा फायदा म्हणजे त्याला प्रयोग ठाऊक असतो. फॉस्फरस-३२ च्या बीटा कणांसमोर थेट शिशाची वीट ठेवली तर ब्रेम्सस्ट्रालुंगचे क्ष-किरण तयार होतात, म्हणून आधी सेंटिमीटरभर जाडीचं अ‍ॅक्रिलिक हवं, हे तो नव्या पीएच.डी. विद्यार्थ्याला बाकाशेजारी उभं राहून सांगतो. ट्रिटियमचा बीटा इतका दुबळा असतो की सर्व्हे मीटर, म्हणजे किरणोत्सर्ग मोजणारं हातातलं यंत्र, काहीच दाखवत नाही आणि टीएलडी बॅजवरही (अंगावर लावायचा, डोस नोंदवणारा बिल्ला) नोंद होत नाही. तिथे बाक पुसून घेतलेला कागद सिंटिलेशन काउंटरमध्ये मोजावा लागतो. दुसऱ्या इमारतीत बसलेल्या अधिकाऱ्याच्या हातून हे रोजच्या रोज होणं कठीण.

अडचण सुरू होते ती पदरचनेत. हा आरएसओ विभागप्रमुखाच्या हाताखाली असतो आणि त्याचा गोपनीय अहवाल तोच विभागप्रमुख लिहितो. विभागातला सर्वांत मोठा प्रकल्प विभागप्रमुखाचाच असेल, तर काम थांबवायला सांगणं त्याला जड जातं. शिवाय आरएसओची मान्यता त्या माणसाला त्या संस्थेपुरती असते. तो नोकरी सोडून गेला की पद रिकामं पडतं, आणि नवा माणूस प्रशिक्षण घेऊन मान्यता मिळवेपर्यंत ई-लोरा या एईआरबीच्या ऑनलाइन प्रणालीवरचे अर्जही अडकतात. तासिका तत्त्वावरच्या शिक्षकाला हे काम देणं तर साफ चूक. तीन विभागांत तीन आरएसओ असतील तर रजिस्टरंही तीन होतात, आणि चौथ्या विभागातला गॅस क्रोमॅटोग्राफ कोणाच्याच रजिस्टरात नसतो.

मायापुरीने काय दाखवलं

दिल्ली विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात कॅनडाहून १९६८ साली आणलेली गॅमा सेल, म्हणजे नमुन्यांवर गॅमा किरण सोडणारं यंत्र, होती, कोबाल्ट-६० ची. १९८५ पासून ती वापरात नव्हती. फेब्रुवारी २०१० मध्ये ती भंगार म्हणून लिलावात निघाली. एईआरबीची परवानगी घेतलेली नव्हती. दिल्लीतल्या मायापुरीच्या भंगार बाजारात ती तोडली गेली, कोबाल्टचे तुकडे दुकानांत पसरले आणि एप्रिलमध्ये माणसं आजारी पडल्यावर प्रकार उघडकीस आला. एक कामगार दगावला, इतर अनेकांना रुग्णालयात ठेवावं लागलं. अणुघटनांच्या आंतरराष्ट्रीय मापनश्रेणीवर ही घटना चौथ्या पातळीची ठरली.

कोबाल्ट-६० चं अर्धायुष्य ५.२७ वर्षं. चार दशकांत मूळ सोर्सचा दोन-अडीचशेवा भागच उरला होता, आणि तेवढाही जीव घ्यायला पुरला. ‘जुना आहे, आता काय राहिलं असेल’ हा समज किती महाग पडतो ते इथे दिसलं.

या घटनेत वापराच्या काळातली देखरेख कामाची नव्हती. यंत्र बंद पडल्यावर पंचवीस वर्षं ते जागेवर होतं. एवढ्या काळात वापरणारे प्राध्यापक निवृत्त होतात आणि माहिती त्यांच्यासोबत जाते. निर्लेखनाच्या, म्हणजे वस्तू मोडीत काढण्याच्या, प्रस्तावावर सोर्सची माहिती असलेल्या माणसाची सही सक्तीची असती, तर ती वस्तू फाटकाबाहेर गेली नसती. विभागापुरत्या व्यवस्थेतलं हे सर्वांत मोठं भगदाड आहे.

मध्यवर्ती कक्ष आणि समिती

इथे पूर्णवेळ आरएसओ थेट कुलगुरूंना उत्तरदायी असतो आणि त्याच्या जोडीला सुरक्षा समिती असते. समितीत सोर्स वापरणाऱ्या प्रत्येक विभागाचा एक जण, भांडार, वित्त, अभियांत्रिकी शाखा आणि आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी असावेत. आरएसओ सदस्य-सचिव. अध्यक्ष प्र-कुलगुरू किंवा अधिष्ठाता चालतील, पण सर्वांत मोठा वापरकर्ता अध्यक्षपदी नको. बैठक तिमाहीला घ्यावी, कारण टीएलडीचे अहवालही तिमाहीच येतात आणि ते समोर ठेवूनच चर्चा व्हायला हवी.

कक्षाची ताकद चार सह्यांत असते: सोर्स किंवा क्ष-किरण यंत्राचा खरेदी प्रस्ताव, नव्या विद्यार्थ्याचं बॅजसाठी नाव, निवृत्तीच्या वेळचं ना-देणे प्रमाणपत्र आणि निर्लेखन. या सह्या व्यवस्थापन परिषदेच्या ठरावाने सक्तीच्या करून घ्याव्यात. नुसतं परिपत्रक दोन वर्षांत विस्मरणात जातं. ‘धोका दिसल्यास काम तत्काळ थांबवण्याचा अधिकार आरएसओला राहील’ हे वाक्यही त्याच ठरावात हवं.

बॅजच्या बाबतीत कक्षाचा उपयोग विशेष जाणवतो. कोणीही न वापरता फक्त तुलनेसाठी ठेवलेला कंट्रोल बॅज सोर्सच्या खोलीत ठेवला, तर त्याचं वाचन पार्श्वभूमी म्हणून सगळ्यांच्या वाचनातून वजा होतं आणि सर्वांचा डोस खोटा कमी दिसतो. उलट, एखाद्याने अ‍ॅप्रन बॅजसकट सोर्सजवळ टांगून ठेवला तर जास्त वाचन येतं आणि चौकशी लागते. सगळे बॅज एकाच ठिकाणाहून वाटले-गोळा केले की या चुका पहिल्याच तिमाहीत पकडता येतात. कामगारांसाठी मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात ३०, तर सामान्य माणसासाठी वर्षाला १. विद्यापीठातलं वाचन सहसा यांच्या खूप खाली असतं, म्हणून अचानक वाढलेला छोटा आकडाही गांभीर्याने घ्यावा.

कचऱ्यासाठीही एकच बंद खोली पुरते. फॉस्फरस-३२ चं अर्धायुष्य १४.३ दिवस, दहा अर्धायुष्यं म्हणजे सुमारे पाच महिने. प्रत्येक पिशवीवर समस्थानिक, तारीख आणि वजन लिहिलं, तर मुदत संपताना मोजून पुढची विल्हेवाट लावता येते. कार्बन-१४ ची पिशवी चुकून त्यात मिसळली की सगळा ढीग अडकतो, कारण त्याचं अर्धायुष्य ५,७०० वर्षांच्या पुढे आहे.

कक्षाची उणीव म्हणजे तो कागदी होण्याचा धोका. पूर्णवेळ पद मंजूर झालं नाही आणि एखाद्या प्राध्यापकावरच भार टाकला, तर किमान त्याचा अध्यापनाचा भार लेखी आदेशाने कमी करावा. आणखी एक गैरसमज आधीच दूर केलेला बरा. अमेरिकेत ‘ब्रॉड स्कोप’ परवाना असलेल्या विद्यापीठाची समिती आतल्या आत वापरकर्त्यांना मंजुरी देऊ शकते. आपल्याकडे सोर्सची संमती एईआरबीकडूनच घ्यावी लागते. आपली समिती अर्ज तपासू शकते, अडवू शकते, पण परवानगी देऊ शकत नाही.

बाहेरची संस्था

बॅजचं वाचन आणि सर्व्हे मीटरचं कॅलिब्रेशन मान्यताप्राप्त प्रयोगशाळांकडूनच होतं. गळती चाचणी, शील्डिंगचं (किरण अडवणाऱ्या आडोशाचं) गणित, वार्षिक प्रशिक्षण हेही बाहेरून घेता येतं आणि लहान विद्यापीठाला ते परवडतं. पण दैनंदिन देखरेख बाहेर देऊ नये. करार संपला की माणूस बदलतो, रजिस्टर त्याच्या लॅपटॉपमध्ये राहतं, आणि जबाबदारी तर कराराने हस्तांतरित होतच नाही.

| प्रसंग | विभागाचा आरएसओ | मध्यवर्ती कक्ष | बाहेरची संस्था |
|---|---|---|---|
| प्रयोगशाळेत सांडलवंड | लगेच हजर | परिसर मोठा असेल तर उशीर | उपयोग नाही |
| नवा सोर्स मागवणं | लवकर होतं, इतरांना पत्ता नसतो | वेळ लागतो, नोंद पक्की होते | अर्ज भरायला मदत |
| प्राध्यापक निवृत्त | माहिती जाण्याचा मोठा धोका | चार्ज घेतल्याशिवाय ना-देणे नाही | कराराच्या मुदतीपुरतं |
| निर्लेखन | कोणी विचारलं तरच | सही सक्तीची | सोर्स काढायला मदत |

कोणी काय निवडावं

एकच विभाग आणि सगळे बंदिस्त, लहान सोर्स असतील तर विभागाचा आरएसओ पुरतो, पण निर्लेखनाची सही त्यालाही मिळालीच पाहिजे. दोन किंवा अधिक विभाग, उघडे (बंद कवचात नसलेले) समस्थानिक किंवा गॅमा चेंबर (मायापुरीच्या गॅमा सेलसारखं यंत्र) यांपैकी काहीही असेल तर मध्यवर्ती कक्ष हवा. गॅमा चेंबर तर आंतरराष्ट्रीय वर्गवारीत पहिल्या, म्हणजे सर्वांत धोकादायक, श्रेणीत येतो. तिथे किल्ल्या, कुलूप आणि ये-जा नोंद हेही आरएसओच्याच कामात धरावं.

परिसर विखुरलेला असेल तर ब्रिटनमधली पद्धत घ्यावी. तिथे सल्लागार वेगळा असतो आणि प्रत्येक कामाच्या जागी एक स्थानिक पर्यवेक्षक असतो. कक्षाचा एक आरएसओ आणि प्रत्येक विभागात नेमणूकपत्र दिलेला एक पर्यवेक्षक, अशी जोडी बसवली की सांडलवंडीच्या वेळी माणूस जागेवर असतो आणि नोंदी एकाच ठिकाणी राहतात. संलग्न महाविद्यालयांना मात्र या कक्षाखाली आणता येत नाही. त्यांचा नियोक्ता वेगळा, म्हणून संमती आणि आरएसओही त्यांचेच.

कोणतीही व्यवस्था घेतली तरी निर्लेखनाच्या नमुन्यात दोन स्वतंत्र ओळी छापून घ्याव्यात. पहिली, वस्तू सर्व्हे मीटरने मोजली: मीटरचा क्रमांक, कॅलिब्रेशनची तारीख, वाचन. दुसरी, वस्तूचा अनुक्रमांक सोर्स रजिस्टरशी आणि मूळ खरेदी फायलीशी ताडून पाहिला. एकट्या मीटरवर भिस्त ठेवता येत नाही, कारण निकेल-६३ चा बीटा डिटेक्टरच्या धातूच्या कवचातून बाहेरच पडत नाही. मीटर पार्श्वभूमीचाच आकडा दाखवेल आणि गॅस क्रोमॅटोग्राफ सोर्ससकट भंगाराच्या ट्रकमध्ये चढेल. दुसरी ओळ भरलेली नसेल तर भांडार विभागाने प्रस्ताव परत पाठवावा.