लाइटरूमचा वॉटरमार्क: अख्खा हंगाम वापरल्यावर

लाइटरूम क्लासिक या फोटो-एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमधून वॉटरमार्क, म्हणजे फोटोवर आपल्या नावाचा शिक्का, टाकूनच फोटो बाहेर काढायचे, हा नेम गेला अख्खा पक्ष्यांचा हंगाम पाळला. सोय उत्तम, भरवसा मात्र बेताचाच.

सोय म्हणजे काय, तर एक्स्पोर्ट करताना खाली वॉटरमार्कवर टिक करायची. नाव टाइप करा किंवा आपल्या सहीची पीएनजी (चित्राची फाइल) द्या, ती हवी तेवढी फिकट करा, नऊ जागांपैकी एक निवडा. ढीगभर फोटोंवर एका दमात शिक्का बसतो. पण गोम इथेच आहे. सगळीकडे तोच शिक्का, अगदी तसाच. असे एकसारखा वॉटरमार्क असलेले बरेच फोटो हाताशी असले, तर संगणक तो आपोआप वेगळा काढून पुसू शकतो, हे गूगलच्या संशोधकांनी 2017 मध्येच दाखवून दिलं होतं. नुसती जागा बदलून फारसा फरक पडत नाही. दर वेळी शिक्क्याचा आकारच किंचित वेडावाकडा केला, तर पुसल्यावर खुणा उरतात. लाइटरूमला ते जमत नाही. त्यामुळे निवडक फोटोंवरची सही मी फोटोशॉपमध्ये हाताने जराशी वाकवतो. आता फोटोतलं नको ते पुसणाऱ्या फोनमधल्या खोडरबरापुढे तीही कितपत टिकते, हा प्रश्नच आहे.

कोपऱ्यातलं बारीक नाव तर निव्वळ शोभेचं. भिगवणच्या फ्लेमिंगोंचा माझा एक फोटो एका होमस्टेच्या जाहिरातीत दिसला. नावाची तेवढी पट्टी कापलेली, बाकी सगळं जसंच्या तसं! 'नेटवर होता, घेतला' हे वर उत्तर. मग रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातली मूळ कच्ची फाइल, उघडून तिचा स्क्रीनशॉट पाठवला: न कापलेली पूर्ण चौकट, तारीख, कॅमेऱ्याचा सीरियल नंबर. शिवाय 1957 च्या कॉपीराइट कायद्यात हक्कासाठी नोंदणीची अट नाही, हेही कळवलं. संध्याकाळपर्यंत जाहिरात गायब. माफी वगैरे काही नाही. म्हणून सांगतो, जागा अडते म्हणून रॉ फाइली उडवू नका.

खरं काम केलं ते आकाराने. लांब बाजू 1200 पिक्सेलवर आणली की फोटो मोबाइलवर झकास दिसतो, पण 300 डीपीआयने, म्हणजे इंचाला 300 ठिपके धरून, छापायला गेलं तर जेमतेम 4 इंच भरतो. कॅलेंडरवाल्याच्या तो काही कामाचा नाही. वेबसाइटवर राइट क्लिक बंद करण्याच्या भानगडीत पडूच नका, स्क्रीनशॉट कोण अडवणार?

एक्स्पोर्टमध्येच फोटोच्या फाइलमध्ये दडलेली ठिकाणाची माहिती काढून टाकायचाही पर्याय आहे, तो मी कायम चालू ठेवतो. घरट्याची जागा जगजाहीर झाली की दुसऱ्या दिवशी तिथे कॅमेऱ्यांची जत्रा भरते. घरच्या मुलांच्या फोटोंनाही हेच लागू. फोनवरून काढलेला मूळ फोटो व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवला, की त्यात जीपीएस असेल तर तेही सोबत जातं. नेहमीसारखा फोटो म्हणून पाठवला तर ते गळून पडतं, हा एक फायदा.

एडिटिंगसाठी लाइटरूम घेतलेलंच असेल तर वॉटरमार्क जरूर वापरा. नुसत्या शिक्क्यासाठी दरमहा पैसे मोजू नका. डार्कटेबल हे तसंच एडिटिंगचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्यातही वॉटरमार्क मिळतो. फक्त शिक्का एसव्हीजीमध्ये (रेषांच्या चित्राच्या फाइलमध्ये) बनवायचा असेल, तर सुरुवातीला थोडी डोकेफोड करावी लागते.