निकॉन प्रोस्टाफ पी३ ८×४२ : तित्तर-लाव्यांच्या माळावर

दुर्बीण घ्यायला गेलं की दुकानदार आधी महागडी पुढे करतो. नागपूरभोवतीच्या माळरानांवर, गायरानांवर तित्तर-लावे बघायचे असतील तर मात्र निकॉनची ही स्वस्तातली, आठ पट मोठं दाखवणारी आणि ४२ मिलिमीटर भिंगाची पी३ दुर्बीणच जास्त कामाची. तिची खरी जमेची बाजू म्हणजे रुंद दृश्य.

लावा पाय पडायच्या बेतापर्यंत गवतात दबून राहतो, मग भर्र करून उठतो आणि थोडं पुढे जाऊन पुन्हा गवतात पडतो. बघायला मिळतात दोन-तीन सेकंद. पी३ मधून १००० मीटरवर १२६ मीटर रुंदी दिसते, त्याच कंपनीच्या महाग मोनार्क एम५ ८×४२ मधून ११२ मीटर. ३० मीटरवर हा फरक हातभराचा. उठलेलं पाखरू त्या हातभरातच सापडतं किंवा सुटतं. एम५ च्या रंग कमी फाकवणाऱ्या ईडी काचेमुळे उजळ आभाळासमोरच्या काळ्या फांदीला रंगीत कड दिसत नाही, हे खरं. पण तित्तर असतो मातकट जमिनीवर, तिथे त्या काचेचा फायदा थोडाच. शिवाय पी३ चं वजन ५६५ ग्रॅम, एम५ चं ६३०. जवळचं बघण्यात एम५ सरस: तिचा फोकस अडीच मीटरपासून लागतो, पी३ चा तीनपासून.

दहा पटीची नको. हात जास्त हलतो, आणि ४२ च्या भिंगात डोळ्याशी येणारा उजेडाचा गोल ५.२५ वरून ४.२ मिलिमीटरवर येतो. तित्तर ओरडतो झुंजूमुंजू होताना, नेमका उजेड हवा असतो तेव्हा.

पहिल्याच दिवशी डाव्या डोळ्याने मधल्या चाकावर फोकस करा, मग फक्त उजव्या डोळ्याने उजवीकडची कडी फिरवा. हे राहून गेलं की डोकं दुखतं आणि दोष दुर्बिणीला लागतो. चष्मा असेल तर रबरी कप आत फिरवा.

अंबाझरी किंवा गोरेवाड्याच्या बाजूला बोर-बाभळीची झुडपं, मधे उघडी माती आणि पलीकडे शेताचा बांध, अशी कड धरून थांबा. तित्तर उघड्यावर चरतो आणि चाहूल लागताच काट्यांत पळतो, उडतो नाइलाजानेच. दाट, सलग गवतात तो शोधू नका, तिथे लावा असतो. एप्रिल-मेमध्ये ऊन चढलं की जमिनीवरची हवा थरथरते, मग कुठलीही काच उपयोगाची नाही. मोबाइलवर आवाज लावून पाखरू बाहेर ओढू नका. पाळीव तित्तराच्या हाकेवर रानातला तित्तर फाशात घ्यायची जुनी रीत याच युक्तीवर चालायची. पुढे कायद्याने शिकार बंद झाली, युक्ती तेवढी खिशात आली.

पावसाळ्यानंतर कुसळं पट्ट्यात घुसतात, ती चिमट्याने काढा. भिंगावरची धूळ आधी फुंकणीने उडवा. सदऱ्याने पुसलंत तर मातीचे कण काचेवरचा लेप ओरबाडतात आणि तो पुन्हा चढवून मिळत नाही.