कोर्टासमोरच्या काउंटरवर लिनक्स मिंट

आमचं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान साताऱ्यात कोर्टासमोर आहे. दोन कॉम्प्युटर. काउंटरवरचा जुना, इंटेलच्या चौथ्या पिढीच्या आय-थ्री प्रोसेसरचा. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा सपोर्ट संपला आणि प्रश्न उभा राहिला. विंडोज ११ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, इंटेलचा प्रोसेसरही आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा. म्हणजे मशीनच नवीन घ्या. चालता डबा भंगारात द्यायचा माझ्या जिवावर आलं. अ‍ॅपलच्या महागड्या मॅकचा विचार केला नाही, दिवसाला किती झेरॉक्स निघतात ते मला माहीत आहे.

पुतण्यानं चारची आठ जीबी रॅम केली, एसएसडी म्हणजे वेगवान डिस्क बसवली आणि विंडोजच्या जागी चालणारी लिनक्स मिंट २२ ही ऑपरेटिंग सिस्टीम आणली, त्यातली एक्सएफसीई नावाची आवृत्ती, जुन्या मशीनला हलकी पडते ती. पैसे लागत नाहीत आणि अपडेट २०२९पर्यंत येणार.

आधी त्यानं हार्डडिस्कला हात न लावता पेनड्राइव्हवरूनच ते चालू करून दाखवलं. मी सगळ्यात आधी कीबोर्ड तपासला. माझी बोटं इनस्क्रिप्टची, म्हणजे देवनागरीच्या ठरलेल्या कीबोर्ड मांडणीची. शिफ्ट धरून जे, मग डी, मग स्लॅश, की ‘ऱ्य’ उमटलाच पाहिजे. ‘साताऱ्याचे रहिवासी’ टाइप केलं, नीट आलं. मग प्रिंट देऊन बघितली. तुम्हीही टाकण्याआधी एवढं कराच, कारण आमचा जुना स्कॅनर काही केल्या ओळखला गेला नाही. तो आता दुसऱ्या मशीनला लावलाय.

पहिल्याच आठवड्यात फटका बसला. पाचशेच्या स्टँपवर हमीपत्र काढायचं होतं. मजकूर विंडोजवर वर्डमध्ये केलेला, ‘मंगल’ फॉन्टमध्ये. मिंटवर लिबरऑफिसमध्ये, म्हणजे वर्डसारख्याच फुकट सॉफ्टवेअरमध्ये उघडला. गिऱ्हाईक घाईत, मीही घाईत, कोऱ्या कागदावर न काढता थेट स्टँप आत घातला. मंगल विंडोजबरोबर येतो, इथं तो नव्हता, त्याच्या जागी दुसराच फॉन्ट आला. ओळी खाली सरकल्या, सह्यांची जागा पुढच्या पानावर गेली. पाचशे रुपये माझ्या खिशातून. त्या रात्री बसून दोन्ही मशीनवर नोटो हा फुकट मिळणारा देवनागरी फॉन्ट टाकला आणि सगळे नमुने त्यात करून घेतले. बाहेरून आलेली फाइल असेल तर आता पीडीएफच मागते.

दुसरं मशीन मात्र विंडोजच राहणार. लग्नपत्रिका कोरलड्रॉ या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये होतात आणि ते लिनक्सवर येत नाही. शिवाय आमच्या पंधरा वर्षांच्या पत्रिका युनिकोडच्या, म्हणजे आता सगळीकडं चालणाऱ्या मराठी टायपिंगच्या पद्धतीच्या, आधीच्या फॉन्टमध्ये आहेत. ते फॉन्ट मिंटवर टाकले तर मजकूर दिसतो, पण त्यात टाइप करायचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजचं, तेही डोंगल, म्हणजे यूएसबीत लावायची परवान्याची किल्ली, लावल्याशिवाय उघडत नाही. ज्याचा धंदाच पत्रिकांचा आहे त्यानं मिंटच्या नादी लागू नये. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, ईमेल, प्रिंट एवढंच असेल तर बिनधास्त टाका.

आणि एक फायदा, जो मला कुणी सांगितला नव्हता. आमच्याकडं दिवसभर लोकांचे पेनड्राइव्ह येतात आणि त्यातले बरेच शॉर्टकट व्हायरसवाले. विंडोजवर नुसते शॉर्टकट दिसतात, खरं फोल्डर लपलेलं असतं, आणि क्लिक केलं की व्हायरस आपल्या मशीनमध्ये. मिंटवर ते शॉर्टकट चालतच नाहीत, आणि लपवलेलं फोल्डर सरळ समोर दिसतं. मागच्या महिन्यात एक ज्युनिअर वकील रडकुंडीला येऊन उभा होता, अकराला तारीख आणि पेनड्राइव्ह ‘रिकामा’. दोन मिनिटांत त्याची कागदपत्रं काढून दिली. तेव्हापासून आजूबाजूचे दुकानदारच माणसं धाडतात, “ताईंकडं जा, तिथं उघडतंय.”