जूबातील टॉवरचे भाडे आणि आमचे 13 लाख

परभणीच्या दूरध्वनी खात्यात 34 वर्षे नोकरी करून मी मे 2012 मध्ये निवृत्त झालो. हाती आलेल्या रकमेतील 9 लाख रुपये मी दक्षिण सुदान या नव्या देशातील मोबाइल टॉवरच्या व्यवसायात गुंतवले आणि ते बुडाले. माझ्या शब्दावर विसंबून अंबड तालुक्यातील माझ्या भाच्याने 4 लाख रुपये दिले, तेही गेले. परदेशातील संधी दाखवून पैसे मागणारी माणसे आजही आपल्या तालुक्याच्या गावांपर्यंत येतात, म्हणून हे सारे तपशिलाने लिहीत आहे.

खात्यातील एका जुन्या सहकाऱ्याच्या आग्रहावरून मी तेव्हाच्या औरंगाबादेतील एका हॉटेलात भरलेल्या सभेला गेलो होतो. समोर बसलेल्यांत निवृत्त शिक्षक, बँकेतील कर्मचारी आणि अडत दुकानदार अधिक होते. पुण्याहून आलेल्या वक्त्याने सांगितले की, जानेवारी 2011 मधील सार्वमतात सुमारे 99 टक्के लोकांनी वेगळ्या देशाच्या बाजूने कौल दिला, 9 जुलै 2011 रोजी दक्षिण सुदान स्वतंत्र झाला आणि पाच दिवसांनी संयुक्त राष्ट्रांचा 193 वा सदस्य बनला. तिथे घरोघरी तारेचा टेलिफोन कधी पोहोचलाच नाही, त्यामुळे लोक थेट मोबाइलच घेणार, असे त्याचे म्हणणे होते. एअरटेलने 2010 मध्ये कुवेतच्या झेन या मोबाइल कंपनीचा आफ्रिकेतील 15 देशांमधला व्यवसाय 10.7 अब्ज डॉलरला घेतला, पण सुदान त्या व्यवहारातून वगळलेला होता, हेही त्याने सांगितले आणि ‘मोठ्यांनी सोडलेली ही जागा आपल्यासाठी मोकळी आहे’ असे म्हणून तो थांबला.

घरी येऊन मी मुलाच्या संगणकावर यातील एकेक गोष्ट पडताळून पाहिली आणि सगळ्या खऱ्या निघाल्या. मी फसलो तो याच ठिकाणी. देशाची माहिती खरी, म्हणजे ती सांगणारी माणसेही खरी, असे मी धरून चाललो. ज्या तारखा आणि आकडे कोणालाही सहज मिळू शकतात ते मी तपासले. त्या देशाशी या मंडळींचा काही संबंध आहे का, हे मात्र तपासले नाही.

टॉवरचा हिशेब तर मला माझ्या नोकरीमुळेच पटला. समुद्रकिनारा नसल्यामुळे समुद्राखालच्या केबलचा थेट आधार नाही, म्हणून तेव्हा दळणवळणाचा भार उपग्रहावर होता. देशभर विजेचे जाळे नव्हते, म्हणून प्रत्येक टॉवरखाली डिझेलचा जनरेटर. पावसाळ्यात रस्ते बंद, म्हणून डिझेल पोहोचवणेही महाग. अशा ठिकाणी प्रत्येक कंपनीने स्वतःचा टॉवर उभारण्यापेक्षा एकाच टॉवरवर तिघांनी आपापले अँटेना लावून भाडे द्यावे, हे शहाणपणाचेच आहे. जूबा या राजधानीच्या शहरात असे 40 टॉवर आपल्या ताब्यात येणार असून त्यांच्या भाड्यातून गुंतवणूकदाराला दरमहा 2 टक्के मिळतील, असे सांगण्यात आले. जिथला खर्च एवढा अवघड, तिथून दरमहा ठरलेली रक्कम बिनचूक कशी येईल, हा प्रश्न मला पडायला हवा होता.

जुलै 2012 मध्ये मी पुण्यातील एका खात्यावर आरटीजीएसने रक्कम पाठवली. जानेवारी 2013 पर्यंत दरमहा 18 हजार रुपये येत राहिले, म्हणजे एकूण 1 लाख 26 हजार. ते पैसे माझ्यानंतर आलेल्या लोकांचे होते, हे आता कळते. त्या लोकांत माझा भाचाही होता. मोसंबीची बाग वाढवण्यासाठी बाजूला ठेवलेले 4 लाख त्याने ‘मामा, तुम्ही बघितलंय ना, मग झालं’ एवढे बोलून माझ्या हवाली केले आणि ऑगस्टअखेर मी ते भरले. त्याला पाच महिने 8 हजार रुपये मिळाले. फेब्रुवारीत हप्ता थांबला, आणि तो उन्हाळा जालना जिल्ह्यात कसा गेला हे मराठवाड्यात कुणाला सांगायला नको. टँकरच्या पाण्यावर बागा जगवण्याची धडपड चालली होती, आणि त्याचे टँकरचे पैसे मी अडकवून ठेवले होते. त्याची जवळजवळ निम्मी झाडे वाळली. तो मला एका शब्दानेही बोलला नाही.

हप्ता थांबण्याचे कारण विचारले तेव्हा उत्तर मिळाले की, दक्षिण सुदानने जानेवारी 2012 पासून तेलाचे उत्पादन बंद केल्याने तिथे डॉलरची टंचाई आहे. हेही खरेच होते. त्या सरकारचे सुमारे 98 टक्के उत्पन्न तेलाचे होते. पुढे डिसेंबर 2013 मध्ये जूबात लढाई पेटली आणि त्यांना दुसरे कारण आयतेच मिळाले. ज्या खऱ्या बातम्या दाखवून पैसे घेतले, तशाच खऱ्या बातम्या दाखवून ते परत देण्याचे टाळले.

मला जाग आली ती जुलै 2013 मध्ये आयकर विवरणपत्र भरताना. परदेशातील मालमत्तेसाठी त्यात वेगळा तक्ता असतो. सीएने कंपनीचे नाव, देश आणि समभागांचा पुरावा मागितला, आणि माझ्याकडे पुण्यातील संस्थेची साधी पावती निघाली. त्यांनी दुसरा प्रश्न विचारला: पैसे देशाबाहेर गेले कसे? सामान्य माणसाला परदेशात गुंतवणूक करायची असेल, तर रिझर्व्ह बँकेने अधिकृत केलेल्या बँकेतून, ए-2 अर्ज भरून, पॅन देऊन आणि ठरलेल्या वार्षिक मर्यादेतच रक्कम पाठवता येते. मी असा कोणताही अर्ज भरला नव्हता. याचा अर्थ माझा एक रुपयाही माझ्या नावाने पुण्याच्या पुढे गेलेला नव्हता.

पुढे तक्रार लिहिण्यासाठी कागद काढून बसलो, तेव्हा त्या मंडळींनी दिलेली, दक्षिण सुदानमधील व्यवसायाच्या परवान्याची प्रत प्रथमच नीट वाचली. त्यावर तारीख होती 15 सप्टेंबर 2010, शीर्षकात ‘रिपब्लिक ऑफ साउथ सुदान’ आणि खाली +211 ने सुरू होणारा दूरध्वनी क्रमांक. सप्टेंबर 2010 मध्ये सार्वमतही झालेले नव्हते, आणि 211 हा संकेतांक त्या देशाला मिळाला तो 2011 मध्ये, स्वातंत्र्यानंतर. त्याआधी जूबातील फोन सुदानच्या 249 वर किंवा युगांडाच्या 256 वर चालत. परभणीचा 02452 आणि जालन्याचा 02482 झोपेतही सांगू शकणाऱ्या मला तो क्रमांक वर्षभर दिसला नाही, याची खंत पैशांपेक्षा अधिक आहे.

लोक काय म्हणतील या संकोचापायी मी तक्रारीला आणखी काही महिने लावले आणि तेवढ्यात पुण्याचे कार्यालय रिकामे झाले. आर्थिक गुन्हे शाखेकडे तक्रार नोंदवली. ठेवीदारांच्या हितरक्षणाच्या 1999 च्या राज्य कायद्याखाली मालमत्ता जप्त करून तिच्या विक्रीतून ठेवीदारांना वाटप होऊ शकते, पण त्यासाठी प्रत्येकाला मूळ पावती दाखवावी लागली. अशा व्यवहारात कुणी अडकले असेल, तर त्याने ‘पावती द्या, नवे प्रमाणपत्र देतो’ असे म्हणणाऱ्या एजंटाच्या हाती मूळ कागद कदापि देऊ नये. हप्ते थांबल्यावर असाच एक माणूस अंबडला येऊन गेला होता. भाच्याने मला फोन करून विचारले आणि मीच त्याला पावती देऊन टाक म्हणून सांगितले. ठेवीदारांच्या यादीत माझे नाव आहे, त्याचे नाही. त्याचे 4 लाख मी माझ्या निवृत्तिवेतनातून महिन्याला थोडे थोडे करून फेडत आहे.