पाच दिवसांत पिंपल्स घालवणारी पांढरी डबी

पाच दिवसांत पिंपल्स जातील असं सांगून कोणी बिनलेबलची क्रीम हातात ठेवली, तर ती चेहऱ्याला लावू नका. आमच्या घरातल्या मुलीला अशाच डबीपायी नागपुरातल्या एका 'स्किन क्लिनिक'ने 22 हजारांना बुडवलं. पैशांचं दुःख आहेच, पण तिच्या चेहऱ्याचे जे हाल झाले ते बघून जीव जास्त तुटतो.

माझी भाची 19 वर्षांची, काटोलची. कॉलेजसाठी आमच्याकडे मानेवाड्याला राहते. गालांवर आणि हनुवटीवर मुरमं होती. घरी येणारा प्रत्येक जण तिला काही ना काही ऐकवून जायचा. पोट साफ होत नसेल. रक्त खराब आहे. उष्णता झाली, तर्री-पोहे बंद कर. चेहरा नीट धूत नसशील. शेजारच्या काकू तर म्हणाल्या, "अवं, लग्न झालं की जाते आपोआप." पोरगी आतल्या आत खचत गेली. घरातही दुपट्टा चेहऱ्यावरून काढेना.

त्या क्लिनिकमध्ये पांढरा कोट घातलेल्या बाईंनी तिला पहिला प्रश्न विचारला, "पोट साफ होतं का?" तिथेच तिचा विश्वास बसला. या फसवणुकीत मला सगळ्यात जास्त लागलेली गोष्ट हीच आहे. त्यांना नवं खोटं रचावंच लागलं नाही. आपण घराघरात जे बोलतो, तेच त्यांनी यंत्रावर दाखवलं आणि त्याचे पैसे घेतले. चेहरा एका खोक्यात ठेवायला लावून निळसर-जांभळा प्रकाश टाकला, पडद्यावर नारिंगी ठिपके चमकले. "बघ, रक्तातली घाण." खरं तर सगळ्यांच्याच त्वचेवर राहणाऱ्या एका जिवाणूतून निघणारं द्रव्य त्या प्रकाशात तसं चमकतं. तुम्ही-मी बसलो तरी थोडेफार ठिपके दिसतील. रक्ताचा त्यात काही संबंध नाही.

मग पॅकेज : रक्तशुद्धीचं सिरप, महिन्याचं फेशियल आणि ती पांढरी डबी. ना नाव, ना घटक, ना बॅच नंबर. पैसे हप्त्यांनी. पावतीवर फक्त 'हर्बल ट्रीटमेंट'.

आठवड्याच्या आत चेहरा गुळगुळीत झाला. आम्हालाही बरं वाटलं. डबी संपली आणि चेहरा पेटला. लाल, आग होणारा, आधी कधी नव्हत्या इतक्या पुळ्यांनी भरलेला. ते म्हणाले, "घाण बाहेर पडून राहिली, म्हणजे औषध लागू पडलं," आणि दुसरी डबी दिली. ती लावली की शांत, थांबवली की पुन्हा आग. मे महिन्यात पारा 45 च्या पुढे असताना गाडीवर दुपट्टा बांधून जाताना ती अक्षरशः रडायची.

शेवटी मेडिकलच्या, म्हणजे नागपूरच्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या, त्वचारोग ओपीडीत नेलं. तिथल्या डॉक्टर मॅडमनी तिचा गाल बोटांनी हलकेच ताणून बघितला. कातडी पातळ झालेली, आत बारीक लाल शिरा, कडेला नवी लव, आणि पुळ्या सगळ्या एकाच मापाच्या. साधी मुरमं अशी नसतात, कुठे काळं टोक, कुठे पू, कुठे गाठ असं मिसळलेलं असतं. त्या म्हणाल्या, "स्टेरॉइड लावलंय हिने." बीटामेथासोन, क्लोबेटासोल यांसारखी ही औषधं सूज आणि लाली झटपट दाबतात, मूळ दुखणं तसंच राहतं. म्हणूनच 2018 पासून अशी मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई आहे.

मॅडमनी मुरमांचं कारणही नीट समजावलं. वयात येताना हार्मोन्समुळे त्वचेखालच्या तेलग्रंथी जास्त तेल सोडतात, मेलेल्या पेशी छिद्राच्या तोंडाशी अडकतात, कोंडलेल्या तेलात जिवाणू वाढतात आणि सूज येते. पुळी वर दिसण्याच्या कित्येक आठवडे आधी आत हे सुरू झालेलं असतं, मग पाच दिवसांत ती मुळापासून जाईल कशी? काळं टोक म्हणजेही मळ नव्हे. छिद्रातल्या रंगद्रव्यामुळे आणि हवा लागून ते काळं दिसतं. घासून निघत नाही, घासल्याने उलट सूज वाढते. लिंबू आणि टूथपेस्टने कातडी भाजते. खाण्याचं म्हणाल तर गोड, मैद्याचे पदार्थ आणि काही जणांत दूध यांचा मुरमांशी संबंध दिसतो. तर्रीला मात्र उगीच बदनाम केलं. आणि लग्नाचा तर काही संबंधच नाही, पंचविशी-तिशीतल्या कित्येक बायकांना मुरमं असतात. पाळी अनियमित असेल, हनुवटीवर राठ केस येत असतील, तर हार्मोन्सची तपासणी करावी.

खरी औषधं महागही नाहीत. अ‍ॅडापलीन, बेंझॉइल पेरॉक्साइड अशी मलमं असतात, पण फरक दिसायला दोन-तीन महिने लागतात. गोळ्या मनाने घेऊ नयेत. त्यातली आयसोट्रेटिनॉइन गरोदरपणात पोटातल्या बाळाला फार घातक आहे. ज्यांच्याकडे अशी पांढरी डबी आधीच आहे त्यांनी ती एकदम बंद न करता डबीसकट त्वचारोगतज्ज्ञाकडे जावं, कारण एकाएकी सोडल्यावरच आग भडकते.

पैसे देण्याआधी पाटीवरचा नोंदणी क्रमांक बघा आणि महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या संकेतस्थळावर नाव तपासा. त्वचारोगाची एमडी किंवा डिप्लोमा हवा. कॉस्मेटॉलॉजीचं सर्टिफिकेट लावून कोणी डॉक्टर होत नाही. आम्ही शोधलं तेव्हा त्या बाईंचं नाव यादीत निघालं नाही.

आम्ही डबी आणि पावती जपून ठेवली. डबीची तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे दिली, पैशांसाठी 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली. तिथे नाही जमलं तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार आहोत. 2 वर्षांच्या आत जाता येतं आणि दिलेली रक्कम 5 लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही. भाचीचे उपचार सुरू आहेत. आग थांबली, लाली अजून आहे, ती जायला बरेच महिने लागतील असं मॅडम म्हणाल्या. ते क्लिनिक अजून उघडं आहे आणि बाहेर कॉलेजच्या पोरींच्या गाड्या उभ्या असतात.